स्वयंपाकघराची मांडणी आणि पुढचं दार: दोन्ही एकत्र सुधारायचं आहे

गवाक्ष
मापं आधी देते, म्हणजे बोलणं सोपं जाईल.

स्वयंपाकघर आतून ८ फूट बाय ११ फूट. दार ८ फुटी भिंतीत, डाव्या कोपऱ्यापासून ४ इंच सोडून, चौकटीच्या आत २ फूट ९ इंच. झडप आत, डाव्या भिंतीकडे उघडते. समोरच्या ८ फुटी भिंतीत मधोमध ४ फुटी सरकती खिडकी, तिची खालची कड जमिनीपासून ४२ इंचांवर. बाहेरची भिंत एवढीच, बाकी तिन्ही आतल्या. उजव्या ११ फुटी भिंतीला सलग ओटा आहे: खिडकीकडच्या टोकाला सिंक, मध्ये शेगडी, दाराच्या बाजूला मिक्सर आणि मायक्रोवेव्हची गर्दी. डावी भिंत मोकळी.

फ्रिज आत मावत नाही म्हणून तो पुढच्या दाराशी, ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब बोळात ठेवलाय. पुढच्या दाराची झडप ३ फुटी, आत उघडणारी, बिजागऱ्या उजवीकडे. फ्रिजही उजवीकडेच, त्यामुळे दार अर्धवट उघडतं.

बाहेर: अंगणापासून घरातली फरशी १८ इंच वर. मध्ये एकच पायरी, म्हणजे ९ आणि ९ इंचांचे दोन चढ, आणि पायरी ९ इंचच रुंद. वरचा चौथरा अडीच फूट खोल, घरातल्या फरशीच्याच लेव्हलला. लाकडी उंबरठा अडीच इंच उंच, तरी तिरका पाऊस आला की पाणी आत. छज्जा दीड फूट. दार दर पावसाळ्यात फुगतं. दारापासून फाटकापर्यंत ९ फूट जागा आहे.

स्वयंपाक करणारे दोघे. उभं राहून कोपराची उंची एकाची ३८ इंच, दुसऱ्याची ४२. भिंती पाडायच्या नाहीत. समोरासमोर दोन ओटे बरे की एल आकाराचा एकच? फ्रिज आत येईल का? बाहेर कुठून सुरुवात करावी?

ओळंबा
तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न नाहीत. फ्रिज आत आला की दाराचा निम्मा प्रश्न सुटतो, म्हणून आधी फ्रिजची जागा ठरवा आणि उरलेलं त्याच्याभोवती बसवा.

समोरासमोर ओटे नकोत. कागदावर दिसतं छान: ८ फुटांतून दोन्हीकडचे दोन-दोन फूट गेले की मध्ये ४ फूट, दोघांना पुरेसे. पण तुमचं दार डाव्या कोपऱ्यात आहे. आत शिरलं की डावा ओटा थेट पोटाशी येणार. शिवाय तिथे ना पाणी, ना सांडपाण्याचा पाइप.

एल करा, उजवी भिंत आणि खिडकीची भिंत. उजव्या भिंतीवर दाराच्या बाजूने मोजत जा:

० ते ३० इंच फ्रिज.
३० ते ४५ मोकळा ओटा.
४५ ते ६९ शेगडी (६० सेंटिमीटरची).
६९ ते १०८ कापणं, निवडणं, मळणं. सलग ३९ इंच.
१०८ ते १३२ कोपरा.

खिडकीच्या भिंतीवर उजवीकडून: पहिले २४ इंच कोपरा, मग १८ इंच ओटा, ४२ ते ६६ सिंक, उरलेले ३० इंच भांडी निथळायला.

फ्रिज दाराजवळ आल्याचा फायदा असा की पाणी घ्यायला येणारा माणूस स्वयंपाक करणाऱ्याच्या मागून जात नाही. फ्रिज २४ इंच रुंद असला तरी खण ३० चाच ठेवा. तो कोपऱ्यात बसतोय, बिजागरी भिंतीकडे येणार, आणि फ्रिजचं दार ९० अंशांच्या पुढे गेलं नाही तर आतले ड्रॉवर बाहेर येत नाहीत. भिंत आणि फ्रिज यांत ३-४ इंच लागतात. दार उजवी-डावीकडे बदलता येणारं मॉडेल असेल तर मूठ शेगडीच्या बाजूला आली पाहिजे, म्हणजे काढलेली वस्तू त्या १५ इंचांवर ठेवता येते. ते १५ इंच रिकामेच राहू द्या. तिथे मिक्सर ठेवलात की मांडणीचा अर्थच गेला.

साडेतीन
त्रिकोण तपासला का? इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात मांडलेला ठोकताळा असा: फ्रिज, शेगडी, सिंक यांतलं प्रत्येक अंतर ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट. वरच्या मापांत फ्रिज ते शेगडी साडेतीन फूटच भरतं.

ओळंबा
भरतं साडेतीनच. शेगडी ते सिंक साधारण ४ फूट ११ इंच, सिंक ते फ्रिज ८ फूट १ इंच, बेरीज साडेसोळा फूट. ते सहा इंच भरून काढायला शेगडी पुढे सरकवली तर ३९ चे ३३ होतात, आणि मला तो सौदा मान्य नाही. स्वयंपाकातला सगळ्यात जास्त वेळ शेगडी आणि सिंक यांच्या मधल्या ओट्यावर जातो, फ्रिजसमोर नाही. दोन माणसं एकाच वेळी काम करत असतील तर त्रिकोणापेक्षा दोघांना स्वतंत्र उभं राहायला जागा मिळते का हे पाहावं. इथे मिळते: एक शेगडीशी, दुसरा सिंकशी, पाठीला पाठ लागत नाही.

जाता जाता, १९२६ चं फ्रँकफर्ट किचन (आजच्या आखीव स्वयंपाकघराचा आद्य नमुना), वास्तुकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी आखलेलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर होतं. म्हणजे लांबीला तुमच्याएवढंच आणि रुंदीला पावणेदोन फूट कमी. ८ बाय ११ ला लहान म्हणू नका.

तळटीप
ओट्याची उंची. कोपराच्या खाली ४ ते ६ इंच हा अंदाज धरला तर एकाला ३२ ते ३४ आणि दुसऱ्याला ३६ ते ३८. मधलं माप घेतलं तर दोघांचीही गैरसोय. मी खिडकीकडचा ओटा ३६ आणि शेगडीकडचा ३४ करीन. सिंकमध्ये हात तळापर्यंत खाली जातात म्हणून ती बाजू उंच हवी, आणि शेगडीवर भांड्याची उंची वर चढते म्हणून ती बाजू बुटकी चालते.

रंधा
तर्क बरोबर, पण दोन इंचांची पायरी नेमकी कोपऱ्यात येईल. तिथल्या सांध्यात पाणी आणि खरकटं साचणार, मोठं भांडं सरकवता येणार नाही, आणि वरच्या दगडाची उघडी कड रोज ठोकरली जाणार. सगळा ओटा ३४ ठेवा. उंच माणसाला कापायला ओट्यावर ठेवायचा दोन-अडीच इंच उंचीचा पाट, खाली रबरी बुटं लावून. सिंक मात्र १० इंच खोल घेऊ नका. ३४ मधून १० गेले की तळ २४ वर येतो आणि उंच माणसाची कंबर धरते. ८ इंच पुरे.

आता ट्रॉल्या. ओट्याखाली झडपांचे कप्पे कमी, पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर जास्त. ३९ इंचांच्या भागात कोपऱ्याला लागून ३ इंचांची पट्टी सोडा आणि उरलेल्या ३६ मध्ये एकच रुंद ट्रॉली बसवा. ही पट्टी विसरली की कोपऱ्यातल्या दोन झडपांच्या मुठी एकमेकींत अडकतात आणि ड्रॉवर उघडतच नाही. एलच्या मांडणीत सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि सगळं बसवून झाल्यावरच कळते.

कोपऱ्यातल्या आंधळ्या जागेसाठी फिरणाऱ्या जाळ्या मिळतात, पण त्यांना साधारण १८ इंचांचं तोंड लागतं. तुमच्याकडे सिंक आणि कोपरा यांच्यामध्ये १८, त्यातून पट्टी जाऊन १५. बसणार नाही. तिथे साधं फळकूट टाकून क्वचित लागणारी मोठी पातेली ठेवा. कोपरा पूर्ण बंद केला तरी आभाळ कोसळत नाही.

ओट्याखालच्या कपाटांची खोकी जमिनीवर थेट टेकवू नका. ४ इंच उंच पाय आणि समोर ३ इंच आत सरकलेली पट्टी. त्या खाचेत पावलं जातात, नाहीतर माणूस ओट्यापासून लांब, पुढे झुकून उभा राहतो. सिंकखालचं खोकं तरी उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं हवं, आणि सगळ्या कापलेल्या कडा सील केलेल्या. प्लाय मधून नाही, कडेतून पाणी पितो.

निळी_छत्री
सिंक सरकतंय म्हणजे सांडपाण्याचा पाइपही. मध्यापासून मध्यापर्यंत साडेतीन फूट लांबेल. फुटाला पाव इंच उतार दिला तर एकूण एक इंचही लागत नाही, खोक्यांच्या मागून सहज जाईल. फार जास्त उतारही देऊ नका, पाणी पुढे पळतं आणि तेलकट गाळ मागे राहतो. काटकोनी एल्बो टाळा, ४५ अंशांचे दोन घाला. ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपमध्ये, २ इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, वास अडतो तो त्यानेच. खोकी बसवण्याआधी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहा. थेंब थेंब गळती बारीक धारेने पाणी सोडून कळत नाही.

दगडात सिंकची कापणी करताना पुढच्या बाजूला ३ इंचांची पट्टी तरी राहू द्या. ग्रॅनाइट तिथेच तडकतं. कापणीचे आतले कोपरे गोल हवेत, आणि दोन दगडांचा सांधा सिंकवर कधीच नको.

साडेतीन
चिमणी कुठे जाईल? उजवी भिंत आतली आहे.

ओळंबा
खिडकीच्या भिंतीतूनच बाहेर. खिडकीच्या उजवीकडे दोन फूट भिंत उरते, तिथे वरच्या बाजूला भोक. शेगडीच्या मध्यापासून त्या भिंतीपर्यंत सव्वासहा फूट, वरच्या कपाटांच्या माथ्यावरून सरळ. पाइप ६ इंचांचाच, शेवटपर्यंत. वाटेत ४ इंचांवर आणला की आवाज वाढतो आणि ओढ मरते. वळण एकच, चिमणीतून वर येऊन भिंतीकडे वळतं तेवढं. लवचिक ॲल्युमिनियम पाइप वापरणार असाल तर पूर्ण ताणून, जादाचा कापून टाका, कारण सुरकुत्यांत तेल साठतं. बाहेरच्या तोंडाला हवेने मिटणारी झडप लावा. शेगडीपासून चिमणीची खालची कड २६ ते ३० इंच, रुंदी शेगडीएवढी तरी.

चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी कुठून तरी आत यायला लागते. दार-खिडक्या घट्ट बंद ठेवून ती चालवली तर नुसता आवाज. खिडकी थोडी उघडी ठेवा. शेगडी तिच्यापासून लांब आहे, त्यामुळे ज्योत विझायची भीती नाही. शेगडी खिडकीखाली घ्यायची नाही ती याचसाठी.

गवाक्ष
मायक्रोवेव्ह आणि मिक्सर कुठे मग? डावी भिंत वापरता येईल?

रंधा
येईल. दाराच्या बाजूचे पहिले ३ फूट झडपेसाठी सोडा. तिथून खिडकीच्या ओट्यापर्यंत ६ फूट उरतात. त्यातल्या पहिल्या ४ फुटांत उभी कपाटं, फक्त १० इंच खोल, डब्यांची एकच रांग, मागचं काही हरवत नाही. शेवटच्या २ फुटांत कपाट १६ इंच खोल करा आणि मायक्रोवेव्हचा तळ ओट्याच्या उंचीवर आणा. बाजूला, मागे, वर किती मोकळं सोडायचं ते यंत्राच्या पुस्तिकेत असतं, ते पाळा. मिक्सर त्याच्या खालच्या कप्प्यात, बाहेर ओढायच्या मजबूत फळीवर.

तरी मध्ये ५६ इंच वाट उरते. ४२ इंच एकाला पुरतात, ४८ दोघांना.

तळटीप
विजेचं थोडक्यात. फ्रिज, ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह आणि ओट्यावरचे पॉइंट यांना वेगवेगळी वायर, वेगळे एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारे स्विच), आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक. ओट्यावरचे पॉइंट ओट्याच्या ८ इंच वर. शेगडीच्या मागे आणि सिंकच्या मागे एकही नाही. फ्रिजचा प्लग फ्रिजच्या मागे नको, शेजारी वर हवा, नाहीतर बंद करायला फ्रिज ओढावा लागतो. वरच्या कपाटांखालची एलईडी पट्टी पुढच्या कडेला लावा. मागे लावली तर उजेड भिंतीवर पडतो आणि सुरीवर हाताची सावली. उजेडाचा रंग ४००० केल्विन बरा.

गॅसचा कॉक हात पोचेल असा, शेगडीच्या मागे दडलेला नको, आणि नळी कोणत्याही ड्रॉवरच्या मागून नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या खोक्याला तळाशी जाळी. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, त्याला वर वायुवीजन लागतं. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

पाणसळ
आता बाहेर येऊ. उंबरठा उंच करून पाणी थांबत नाही, कारण चौथरा आणि घर एकाच लेव्हलला आहेत. चौथऱ्यावर पडलेलं पाणी लाकडाच्या खालून, चौकटीच्या पायातून शिरतंय. दार फुगण्याचं मूळही बहुधा तेच. तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतील, एक सोडली तर बाकी दोन वाया.

पहिली, चौथरा. दारापाशी घरातल्या फरशीपेक्षा अर्धा इंच खाली, आणि तिथून बाहेर ६० ला १ उतार. चौथरा ४ फूट खोल करा, म्हणजे उतारात पाऊण इंच जाईल. ४ फूट का, तर दार उघडणारा माणूस पिशव्या घेऊन सरळ उभा राहू शकेल आणि मागचा पायरीवर लटकणार नाही. सध्याच्या अडीच फुटांत ते जमत नाही.

दुसरी, उंबरठा. लाकूड काढून सलग दगडी पट्टी, बाहेरच्या बाजूला उतरती. ती बाहेर चौथऱ्यावर इंचभर डोकवावी आणि डोकावणाऱ्या भागाच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारावी. दगडाच्या पोटाला चिकटून मागे येणारं पाणी त्या खाचेशी तुटून पडतं. पट्टीखाली आणि दोन्ही बाजूंना चौकटीवर ६ इंच चढेपर्यंत वॉटरप्रूफिंग. आतल्या बाजूला अर्ध्या इंचाचाच उठाव, तोही तिरका घासलेला. अडीच इंचांत पाय अडकतो.

तिसरी, छज्जा. दीड फूट तिरक्या पावसाला कमी, ३ फूट हवा, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त. सध्याच्या स्लॅबला पुढे काँक्रीट जोडून वाढवू नका. तो भिंतीतून बाहेर लटकलेला आहे, वजन पेलणारी सळई त्याच्या वरच्या अंगाला असते, आणि नवीन भाग त्या हिशेबात धरलेला नसतो. वर हलका लोखंडी सांगाडा आणि पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट, भिंतीत केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून पक्के केलेले बोल्ट). जिथे तो भिंतीला टेकतो तिथे भिंतीत अर्धा इंच खाच कापून पत्र्याची पट्टी आत घुसवा आणि वरून सीलंट. नुसतं सीलंट फासलं तर दोन उन्हाळ्यांत सुटतं.

कुंपण
पायऱ्या: ९ आणि ९ फार उंच. दुप्पट उंची अधिक रुंदी २४-२५ इंच भरावी, तुमची २७ भरते. १८ इंचांत ६-६ चे तीन चढ आणि १२ इंच रुंद पायऱ्या.

पाणसळ
थांबा, १८ धरू नका. चौथरा दारापाशी अर्धा इंच खाली, कडेला आणखी पाऊण, म्हणजे कडेची उंची १६ आणि तीन चतुर्थांश इंच. ती तिघांत वाटली की प्रत्येकी साधारण ५.६. रुंदी १३ घ्या, सूत्र २४ च्या आसपास बसतं. सहा-सहाने बांधायला सुरुवात केली असती तर शेवटचा चढ पावणेपाचचा झाला असता, आणि पडतात ते नेमके वेगळ्या उंचीच्या एका पायरीवर. उंची मोजायची ती टाइल बसल्यानंतरची.

चौथरा ४ फूट आणि दोन पायऱ्यांचे २६ इंच मिळून ६ फूट २ इंच. फाटकाआधी पावणेतीन फूट उरतात. फाटक आत उघडत असेल तर बाहेर किंवा सरकतं करून घ्या. व्हीलचेअरचा उतार १२ ला १ लागतो, म्हणजे १८ इंचांना १८ फूट. समोर शक्य नाही, बाजूने जागा असेल तर वळवून. नसेल तर एका बाजूला ३४ ते ३६ इंच उंचीचा कठडा तरी द्याच.

कुंपण
मान्य, हिशेब कडेपासूनच हवा. वरच्या फरशीला पॉलिश नको. आर११ दर्जाची (ओलीवर न घसरणारी) टाइल किंवा फ्लेम केलेला, म्हणजे ज्वाळेने खरखरीत केलेला दगड. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी, संध्याकाळी कड दिसते.

रंधा
दार आत्ता तासू नका. फुगलेलं असताना तासलं की कोरड्या दिवसांत बोटभर फट पडते. आधी पाणी थांबवा, लाकूड पूर्ण वाळू द्या, मग बाजूंना ३ मिलिमीटर आणि खाली ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवून तासा. नंतर झडप उतरवून सहाही बाजूंना रंग, विशेषतः खालच्या आणि वरच्या कडेला. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून कोऱ्याच सोडल्या जातात आणि लाकूड तिथूनच ओल पितं. खालच्या फटीला ब्रश किंवा दार मिटताना खाली येणारी रबरी पट्टी, आणि बाहेरच्या अंगाला तळाशी पाणी झटकणारी तिरकी पट्टी. बाहेरच्या जड दाराला ४ इंची चार बिजागऱ्या, स्क्रू चौकटीच्या लाकडात खोल जाणारे.

गवाक्ष
बोळात फ्रिज गेल्यावर चपलांचं कपाट कुठे? आणि दिवा?

ओळंबा
डावीकडे, दाराच्या बिजागऱ्यांच्या विरुद्ध बाजूला. तिरकं उघडणारं, ८ इंच खोल. ४० इंच वाट मोकळी राहते. पण ते दाराच्या भिंतीला चिकटवू नका. ३ फुटी झडप फिरताना डाव्या बाजूला पहिला फूटभर कपाटाला घासते, मूठ धरून १५ इंच सोडा. कपाटाच्या पुढे भिंतीला मिटणारी १२ इंच खोल, १७ इंच उंच बसायची फळी. उजवी भिंत मोकळी, झडप ९० अंशांत तिच्यावर टेकते. मूठ भिंतीत खड्डा पाडू नये म्हणून खाली थांबा बसवा.

बाहेरचा दिवा मुठीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, कुलूप अंधारात राहत नाही. आयपी४४ (पाण्याचे शिंतोडे सोसणारा दर्जा) किंवा वरचा, ३००० केल्विन. सेन्सर लावणार असाल तर त्याला समोरून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस लवकर कळतो. दाराच्या माथ्यावर नको, बाजूच्या भिंतीवर, ७ फुटांवर.

गवाक्ष
कामाचा क्रम? घरात राहूनच करायचं आहे.

पाणसळ
बाहेरचं आधी, कोरड्या दिवसांत. छज्जा, मग चौथरा आणि उंबरठा, शेवटी पायऱ्या. चौथऱ्याचं काम चालू असताना ये-जा दुसऱ्या दाराने, ते नसेल तर फळ्यांचा तात्पुरता पूल. टाइल लावायच्या आधी कोऱ्या चौथऱ्यावर दारापाशी बादली ओता. पाणी कडेला न थांबता गेलं पाहिजे. कुठे तळं दिसलं तर तेव्हाच दुरुस्त करा, टाइलच्या चिकटाने उतार भरून काढू देऊ नका, तो जाडा थर पोकळ राहतो.

निळी_छत्री
आत: पाइप, वायरिंग, चिमणीचं भोक, मग भिंतीच्या टाइल, मग खोकी, मग दगड, सगळ्यात शेवटी फ्रिज. खोक्यांची अंतिम मापं टाइल लागल्यावर घ्या. टाइल आणि तिचं चिकट मिळून प्रत्येक भिंत अर्धा-पाऊण इंच आत येते, ११ फुटांत दोन्ही बाजूंचा मिळून इंच-दीड इंच जातो. तो फ्रिजच्या खणातून कापू नका, १८ इंचांचा तो सिंकशेजारचा ओटा आहे त्यातून किंवा ३९ मधून घ्या.

रंधा
३९ मधून नको. तिथे ३६ ची ट्रॉली आहे, पट्टी पुसली जाईल. खिडकीच्या भिंतीवरचं कमी-जास्त निथळायच्या ३० मधून घ्या, उजव्या भिंतीवरचं शेगडीआधीच्या १५ मधून. १३ चालतील.